भात शिजतो तेव्हा काय बदलते?

भौतिक आणि रासायनिक बदल हा विषय महाराष्ट्रातल्या मुलांना सहावी-सातवीत भेटतो आणि बहुतेक वर्गांत तो एका तक्त्यात संपतो. डाव्या रकान्यात बर्फ वितळणे, मीठ विरघळणे, कापूर उडून जाणे, नवसागराचे संप्लवन. उजव्या रकान्यात लोखंड गंजणे, कागद जळणे, फळ पिकणे, भात शिजणे. तक्त्याखाली कसोट्या दिलेल्या असतात. भौतिक बदल तात्पुरता असतो, उलटवता येतो, त्यात नवा पदार्थ तयार होत नाही. रासायनिक बदल कायमचा असतो, उलटवता येत नाही, त्यात नवा पदार्थ तयार होतो. ‘फरक स्पष्ट करा’ आले की मुले हेच उतरवतात आणि त्यांना गुणही मिळतात. माझे म्हणणे असे की या कसोट्यांत खरी कसोटी एकच आहे, नवा पदार्थ तयार झाला का ही, आणि नेमकी तीच नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रंग पालटणे, बुडबुडे येणे, गरम किंवा थंड होणे, उलटवता न येणे या सगळ्या खुणा संशय घेण्यापुरत्या कामाच्या आहेत. निकाल द्यायचा तर बदलाच्या आधीचा आणि नंतरचा पदार्थ हातात घेऊन त्याला दुसरी एखादी चाचणी लावावी लागते. शाळेतली प्रयोगशाळा असते ती या दुसऱ्या चाचणीसाठी. आपल्याकडे मात्र प्रयोग झालाच, तर तो पहिल्या खुणेपाशी थांबतो, आणि पुढचा निकाल पुस्तकातून आणला जातो.

उदाहरण म्हणून तक्त्यातला भातच घेऊ. बोदलकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले, नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्याजवळचे गाव. ब्रिटिश काळात बांधलेल्या तलावामुळे ते ओळखले जाते. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात तलावांवर धान पिकते, धानावर गोंदियाच्या राइस मिल चालतात आणि ताटात दोन वेळा भात असतो. इथल्या मुलाला तांदळाविषयी पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते. अरवा तांदूळ आणि उसना तांदूळ यांतला फरक त्याला हाताला कळतो: उसन्यासाठी धान भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात, त्याचा दाणा कडक व किंचित पारदर्शक होतो आणि भात मोकळा होतो. याच मुलाला वर्गात सांगितले जाते की भात शिजणे हा रासायनिक बदल आहे, कारण शिजलेल्या भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. वाक्य इतके सोयीचे आहे की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. पण मग धान वाफवणे कोणत्या रकान्यात टाकायचे? तेही उलटत नाही. तरी वाफवलेल्या धानातून निघतात ते तांदूळच, आणि शिजवण्याआधी त्यांना कोणी भात म्हणत नाही.

तांदळात सर्वांत जास्त असतो तो स्टार्च. कच्च्या दाण्यात तो बारीक, घट्ट रचलेल्या कणांच्या रूपात असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे कण पाणी शोषून फुगतात. त्यांतली शिस्तशीर रचना मोडते, साखळ्या मोकळ्या होतात, दाणा मऊ पडतो. ही रचना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तुटतात. खुद्द साखळीतले, एका ग्लुकोजला दुसरे ग्लुकोज जोडणारे बंध मात्र बहुतांशी शाबूत राहतात. म्हणजे स्टार्च स्टार्चच राहतो. हे मुलांनी माझ्या किंवा पुस्तकाच्या शब्दावर मानायचे कारण नाही. थोडे तांदळाचे पीठ गार पाण्यात कालवावे, दुसऱ्या नळीत भाताची पेज पूर्ण गार करून घ्यावी, आणि दोन्हींत पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. दोन्ही निळ्याकाळ्या होतात. आता पेजेच्या आणखी दोन नळ्या घ्याव्यात. एकीत मुलाने स्वतःची थोडी लाळ घालावी, दुसरीत तेवढेच साधे पाणी, आणि दोन्ही कोमट पाण्यात उभ्या ठेवाव्यात. पंधरा-वीस मिनिटांनी आयोडीन टाकले तर पाण्याची नळी निळी होते. लाळेच्या नळीत निळा रंग येत नाही किंवा अगदी फिका येतो, आयोडीनचा आपला पिवळसर तपकिरी रंगच दिसतो. लाळेतल्या अमायलेज या विकराने साखळ्या तोडलेल्या असतात आणि आता नळीत माल्टोजसारखी साखर असते. नळी न तापवता, बुडबुडे न येता, वरून काहीही न दिसता झालेला हा बदल खराखुरा रासायनिक आहे. शिजताना झालेला, वाफ, फसफस आणि वासासकट डोळ्यांत भरणारा बदल मुख्यतः रचनेचा आहे. तक्त्याच्या खुणांवर गेलेल्या मुलाने दोन्ही निकाल उलटे दिले असते.

इथे प्रयोग आणखी एक पाऊल पुढे नेता येतो आणि तो नेलाच पाहिजे, नाहीतर ‘म्हणजे शिजणे भौतिक’ असा नवा तक्ता तयार होईल. कच्च्या तांदळाच्या पिठात लाळ घालून तेवढाच वेळ ठेवले तर आयोडीनने नळी निळीच होते, कारण घट्ट रचलेल्या कच्च्या कणांवर अमायलेजचे काम फार सावकाश चालते. पदार्थ तोच, पण त्याच्याशी काय करता येते ते बदलले, असा हा पुरावा. शिवाय पातेल्याच्या बुडाशी भात लागला आणि खरपूड धरली, तर त्या तपकिरी कडवट थरात स्टार्च आणि प्रथिने खरोखरच मोडून नवे पदार्थ झालेले असतात. एकाच पातेल्यात दोन्ही तऱ्हा आहेत. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्याने दिली, तीही अशाच एका वस्तूवर: मेण वितळते, वातीतून चढते, त्याची वाफ होते आणि मग ती जळते. त्यांनी मेणबत्तीला एका रकान्यात बसवण्याची घाई केली नाही. ज्योतीच्या कोणत्या भागात काय चालले आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रयोग करून दाखवले.

उलटवता येणे या कसोटीवर मुलांचा सर्वांत जास्त विश्वास असतो, म्हणून ती नीट तपासायला हवी. रात्रीचा भात सकाळी कडक होतो, कारण मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा काही प्रमाणात रचल्या जातात. वाफ दिली की तो मऊ होतो. ‘उलट न होणाऱ्या’ बदलाच्या पोटातच हा उलटसुलट होणारा बदल बसलेला आहे. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही हे तक्त्याचे दुसरे आवडते वाक्य. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यातले एक प्रथिन युरिया आणि वेगाने फिरणाऱ्या द्रवाच्या साहाय्याने पुन्हा मूळ घडीत आणून दाखवले. त्यामुळे अंडे उकडणे एका दिवसात एका रकान्यातून दुसऱ्यात गेले असे कोणी म्हणणार नाही. आपल्याला एखादी गोष्ट उलटवण्याची युक्ती सापडली की नाही, ही आपल्या कौशल्याची बाब आहे. पदार्थ बदलला का, या प्रश्नाशी तिचा संबंध सैल आहे. उलट बाजूने चुन्याची निवळी पाहा. तिच्यात नळीने फुंकर मारली की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधी होते, हा प्रयोग सर्वांच्या ओळखीचा. हाच वायू तसाच सोडत राहिले तर दुधीपणा नाहीसा होऊन पाणी पुन्हा नितळ होते, आणि ते उकळले की पुन्हा गढूळ. तिन्ही बदल रासायनिक. पण अर्धवट फुंकून थांबलेल्या मुलाला पहिलाच दिसतो, आणि सगळे पाहणाऱ्या मुलाला वाटते की निवळी पुन्हा स्वच्छ झाली म्हणजे बदल उलटला, म्हणजे तो भौतिक. खरे तर ते नितळ पाणी पहिली निवळी नव्हेच. त्यात आणखी फुंकर मारली तरी ते दुधी होत नाही, पहिली निवळी होते. दिसायला दोन्ही सारखी. ही दुसरी चाचणीच त्यांना वेगळे काढते.

बाकीच्या खुणांचे थोडक्यात. शेतात टाकायचा युरिया पाण्यात ढवळला की भांडे हाताला गार लागते, पण पाणी आटवले तर युरियाच मिळतो. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड तापवली की पिवळी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरी. उकळत्या पाण्यात बुडबुडे येतात आणि सोड्याची बाटली उघडल्यावरही येतात. तापमान, रंग, वायू या तिन्ही खुणा इथे खोट्या ठरतात.

नवसागराचे प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण इथे तक्ता अपुरा नसून चुकीचाच आहे. मीठ आणि नवसागर यांचे मिश्रण वेगळे करण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चिनीमातीच्या वाटीत मिश्रण, त्यावर पालथे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा. खालून आच दिली की पांढरा धूर उठतो आणि नरसाळ्याच्या आतल्या थंड भागावर पांढरी पूड जमते. ती खरवडून पाहिली तर नवसागरच. वहीत लिहिले जाते: स्थायूचा थेट वायू झाला, वायूचा थेट स्थायू झाला, हे संप्लवन, म्हणून भौतिक बदल. पण वाटेत, त्या नरसाळ्याच्या पोकळीत, नवसागर नावाचा पदार्थ जवळजवळ नसतोच. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि थंड काचेशी ते पुन्हा एकत्र येऊन नवसागर तयार होतो. एक विघटन आणि एक संयोग, अशा दोन रासायनिक अभिक्रिया पाठोपाठ घडतात. सुरुवात आणि शेवट सारखे असल्याने मधले सगळे झाकले जाते. हे दाखवायला महागडे काही लागत नाही. परीक्षानळीच्या तळाशी चिमूटभर नवसागर, वर काचलोकरीचा सैल बोळा, बोळ्याच्या वर नळीत ओले केलेले लिटमसचे दोन कागद, एक तांबडा आणि एक निळा. हळू आच द्यावी. थोड्या वेळाने तांबडा कागद निळा होतो, कारण अमोनियाचा रेणू हलका असल्याने बोळ्यातून तो साधारण दीडपट वेगाने पुढे सरकतो. मग मागून हायड्रोजन क्लोराइड पोचतो आणि दोन्ही कागद लाल होतात. नवसागर नवसागर म्हणूनच वर गेला असता, तर एकामागोमाग दोन उलट उत्तरे मिळाली नसती.

हा प्रयोग एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राच्या एका मोठ्या वादाच्या मधोमध उभा होता. अ‍ॅव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडले होते की समान तापमानाला आणि समान दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. १८६० मध्ये कार्ल्सरूहला भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कानिझ्झारो यांनी याच पायावर अणुभारांचा गोंधळ निस्तरण्याचा आग्रह धरला. विरोधकांच्या हातात एक बोचरे उदाहरण होते: नवसागराच्या वाफेची घनता हिशेबापेक्षा निम्मीच भरते. मग एक तर अ‍ॅव्होगाड्रो चुकले, किंवा त्या वाफेत एका रेणूचे दोन झालेले आहेत. १८६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पेबाल यांनी सच्छिद्र बोळ्यातून ती वाफ पाझरू देऊन दोन वायू काही अंशी वेगळे करून दाखवले. ज्या प्रयोगाने अणुसिद्धांताच्या वाटेतला एक अडथळा दूर केला, तो लिटमसच्या दोन कागदांवर आठवीच्या वर्गात करता येतो. आणि आपण त्याच पदार्थावर ‘संप्लवन, भौतिक’ असा शिक्का मारून पुढे जातो. संप्लवन दाखवायचेच असेल तर कापूर आहे, आयोडीन आहे, डांबराच्या गोळ्या आहेत. तिथे नाव आणि घटना जुळतात.

लोहकीस आणि गंधकाचा प्रयोगही असाच अर्धा राहतो. वजनाने सात भाग लोहकीस आणि चार भाग गंधक नीट मिसळायचे. लोहचुंबक फिरवला की लोखंड वेगळे निघते. मग मिश्रण तापवायचे. एका टोकाला ते लालभडक झाले की आच काढून घेतली तरी ती लाली पुढे सरकत जाते, आणि शेवटी काळी ठिसूळ ढेप मिळते. पुस्तकाप्रमाणे चुंबकाने ती ओढली जाऊ नये. प्रत्यक्षात ती पुष्कळदा थोडीशी ओढली जाते, कारण सगळे लोखंड गंधकाशी जोडले गेलेले नसते. इथे शिक्षकापुढे दोन वाटा असतात. ‘प्रयोग नीट झाला नाही’ म्हणून पुस्तकातले निरीक्षण वहीत उतरवून घ्यायचे, किंवा मुलांना विचारायचे की थोडे लोखंड उरले असेल तर ते कसे ओळखाल आणि नवा पदार्थ आहे हे कसे सिद्ध कराल. दुसऱ्या वाटेवर विरल आम्ल मदतीला येते. नुसत्या लोहकिसावर ते टाकले तर वास नसलेला, पेटणारा हायड्रोजन निघतो. ढेपेच्या कणभर तुकड्यावर टाकले तर सडलेल्या अंड्याचा वास येतो. तो वायू विषारी असल्याने हे काम उघड्या खिडकीपाशी, शिक्षकाने आणि कणभरावरच करायचे. पण त्या एका वासाने जे कळते ते काळ्या रंगाने कळत नाही: मूळच्या दोन पदार्थांपैकी एकही असा वागत नव्हता.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो हलका नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आधी ठळक रेषा लागते, बारकावे पुढे येतील. रेणू आणि बंध अजून शिकवलेले नसताना हायड्रोजन बंध नि साखळ्या कुठून आणायच्या? याला उत्तर असे की वरच्या एकाही प्रयोगात बंधांची भाषा अनिवार्य नाही. निळे झाले की नाही, लाल झाले की नाही, वास आला की नाही, एवढेच मुलाने नोंदवायचे आणि ‘आधीचा पदार्थ अजून तिथे आहे का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे. रेणूंची भाषा नववी-दहावीत आली की तिला बसायला जागा तयार असते. सोपे आणि चुकीचे यांत फरक केला पाहिजे. ‘नवा पदार्थ झाला का ते तपासा’ हे सोपे आहे आणि आयुष्यभर टिकणारे आहे. ‘उलटत नाही म्हणून रासायनिक’ हेही सोपे आहे, पण दहावीत परिवर्तनीय अभिक्रिया आल्या की मुलाला ते विसरावे लागते, आणि आधी पाठ केलेले विसरणे हे शिकण्यापेक्षा अवघड काम आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने, रसायनशास्त्र जाणणाऱ्यांकडून येतो. सीमा इतकी धूसर असेल तर हा भेदच सोडून द्यावा. उच्च शिक्षणात त्यावर कोणी वेळ घालवत नाही. धूसरपणा खरा आहे. मीठ विरघळणे भौतिक की रासायनिक यावर मोठमोठ्यांची मते वेगळी होती. १८०० च्या आगेमागे बेर्तोले आणि प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचा वाद पेटला. बेर्तोले द्रावणांनाही संयोगच मानत, कारण आकर्षण सगळीकडे तेच. प्रूस्त म्हणत, खऱ्या संयुगात घटकांचे वजनी प्रमाण ठरलेले असते, द्रावणात ते हवे तसे असते. मेंडेलीव्ह यांचा १८६५ चा प्रबंध मद्यार्क आणि पाणी यांच्या मिलाफावर होता, आणि द्रावणात रासायनिक संयोग असतो असे ते पुढेही मानत राहिले. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर स्पिरिट घातले तर १०० भरत नाही, काही मिलिलिटर कमीच भरते, आणि मिश्रण कोमट होते, हे पाहिल्यावर त्यांचा आग्रह निराधार वाटत नाही. पण या वादातून भेद निरर्थक ठरत नाही. वाद पुढे सरकला तो कोणीतरी वजन केले म्हणून, आणि वजन शाळेतही करता येते.

त्यासाठी मोरचूद घ्यावे. बोर्डो मिश्रणामुळे ते शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. निळे स्फटिक मंद आचेवर तापवले की पाणी निघून जाते आणि पांढरी पूड उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती चटकन निळी होते आणि हाताला नळी गरम लागते. आता तीन गोष्टी शेजारी ठेवू: ओले कापड वाळणे, मोरचुदातले पाणी जाणे, चुनखडी भाजल्यावर तिच्यातला कार्बन डायऑक्साइड जाणे. पहिल्याला कोणी रासायनिक म्हणत नाही, तिसऱ्याला सगळे म्हणतात. मधल्याचे काय? तराजू आणावा. कापड किती ओले होते त्यावर किती पाणी जाईल ते ठरते. मोरचूद मात्र कुणीही, कुठल्याही दुकानातून आणलेले, शुद्ध आणि कोरडे असेल तर दर १० ग्रॅममागे साधारण ३.६ ग्रॅम पाणी सोडते आणि ६.४ ग्रॅम उरते. प्रत्येक गटाने वेगळे वजन घेऊन सुरुवात करावी आणि शेवटी सगळ्यांची प्रमाणे फळ्यावर मांडावीत. आकडे हुबेहूब सारखे येणार नाहीत, कुणाची आच कमी पडेल, कुणाची पूड कडेला काळपट होईल. तरी ते एका जागेभोवती गोळा झालेले दिसतील, आणि ओल्या कापडाचे आकडे विखुरलेले. प्रूस्त यांचा मुद्दा मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून उभा राहतो. यानंतर एखाद्या मुलीने म्हटले की मोरचुदाचा बदल उलटतो तरी मी त्याला रासायनिक म्हणेन, कारण प्रमाण ठरलेले आहे, तर ते उत्तर तक्त्यातल्या दहा बरोबर नोंदींपेक्षा मोलाचे आहे. दुसरीने म्हटले की पाण्यात विरघळल्यावर दोन्ही सारखेच निळे द्रावण देतात, म्हणून मी त्याला भौतिक म्हणेन, तर तिचाही पुरावा खरा आहे. मला पहिलीचे जास्त पटते, पण दुसरीला शून्य देता येणार नाही.

तिसरा आक्षेप परिस्थितीचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही, असली तर कपाटाला कुलूप, रसायने संपलेली, वर्ग जोडलेले, शिक्षकावर कागदांचा भार. यातले काहीही मी नाकारत नाही. पण या लेखातल्या प्रयोगांची यादी पुन्हा पाहावी. तांदूळ, पेज, टिंक्चर, लाळ, युरिया, चुना, मोरचूद, नवसागर, लिटमस, डझनभर परीक्षानळ्या, एक स्पिरिटचा दिवा आणि एक छोटा वजनकाटा. बोदलकसासारख्या गावात यांतल्या अर्ध्या वस्तू घरांत आणि कृषी केंद्राच्या दुकानात असतात, उरलेल्या तिरोड्यात किंवा गोंदियात मिळतील. सुरक्षिततेचे नियम मात्र सक्त हवेत. मोरचूद आणि युरियाला तोंड लावायचे नाही, प्रत्येकाने आपलीच लाळ आपल्याच नळीत घ्यायची, दिव्याजवळ स्पिरिटची बाटली ठेवायची नाही. खेड्यातल्या सरकारी शाळांना हे झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्याकडे पाहावे. तिथे १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगांवर आधारलेले विज्ञान शिक्षण सुरू झाले, १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरले, आणि साध्या साहित्याच्या पेट्या, शिक्षकांची नियमित शिबिरे व पुस्तक उघडून लिहायच्या परीक्षा यांच्या बळावर ते २००२ पर्यंत चालले. ते बंद झाले सरकारी निर्णयाने. मुलांना प्रयोग जमले नाहीत म्हणून ते थांबले नाही. आपल्याकडेही १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्याच काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या शाळांत काम केले होते.

राहिली परीक्षा, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. दहावीला विज्ञानाच्या दोन भागांना चाळीस-चाळीस आणि प्रात्यक्षिकाला वीस गुण असतात, पण त्या वीस गुणांत ठरलेल्या कृतीचे ठरलेले निरीक्षण लिहिले की काम भागते. शिक्षक तक्ता शिकवतात कारण तक्ता विचारला जातो. म्हणून बदल प्रश्नापासून करावा, आणि सातवी-आठवीच्या शाळा पातळीवरच्या चाचणीत तो करायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘खालील बदलांचे वर्गीकरण करा’ याऐवजी असे विचारता येईल: एका नळीत पांढरी पूड तापवली, ती नाहीशी झाली आणि नळीच्या वरच्या भागात पांढरी पूड जमली. ती पूड मूळचीच आहे का, आणि वाटेत दुसरे काही तयार झाले होते का, हे ठरवण्यासाठी तुम्ही कोणत्या दोन चाचण्या कराल? प्रत्येक चाचणीत काय दिसले तर तुमचे मत काय होईल? पाच गुणांपैकी एक निकालाला, दोन चाचण्यांना आणि दोन त्यांच्यामागच्या तर्काला ठेवावेत. कापूर गृहीत धरणाऱ्याला आणि नवसागर गृहीत धरणाऱ्याला दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतील, कारण दोघांच्या नळीत वेगवेगळे घडते आणि लिटमस ते सांगतो.